नाणेफेकीने काढलेले रस्ते

सदाशिव पेठेतल्या एका बोळात, चष्म्याच्या दुकानावर, दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर एवढ्या जागेत आमची कंपनी होती. आम्ही क्वांटम संगणकांसाठी सॉफ्टवेअर तयार करायचो. हे वाक्य मी लग्नकार्यांत, बँकेत आणि दिग्रसला आईच्या शेजारणींसमोर कितीतरी वेळा म्हटलं आहे. दर वेळी ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एकच भाव असतो : बाई खोटं बोलत नसावी, पण नीट काही सांगतही नाही.

बोळातल्या लोकांनी मात्र आमच्याबद्दल लवकरच मत बनवलं. हे संगणकवाले आहेत, म्हणजे दुरुस्ती करत असणार. पहिल्याच महिन्यात पलीकडच्या इमारतीतले एक निवृत्त गृहस्थ प्रिंटर छातीशी धरून जिना चढून आले. आमचे प्रमुख अभ्यंकर सर आयुष्यभर महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलेले. त्यांनी त्या गृहस्थांना बसवलं आणि क्वांटम संगणक म्हणजे काय, तो परदेशात एका अतिशीत भांड्यात कसा ठेवलेला असतो आणि आम्ही इंटरनेटवरून त्याला गणितं कशी पाठवतो, हे पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"तुमचं ते तिकडं गार आहे, ठीक आहे," ते म्हणाले. "माझा इथं गरम होतोय. बघता का?"

सरांनी बघितला. दुरुस्तही केला. माझ्या माहितीप्रमाणे आमच्या कंपनीचा तो पहिला समाधानी ग्राहक.

मी तिथे टेस्टर होते. सॉफ्टवेअर लिहिणारे लिहितात आणि ते कुठे मोडतं हे शोधून काढायचं काम टेस्टर करतो. घरातलं सामान लावून झाल्यावर आत्याबाई येऊन कपाटामागे बोट फिरवतात, तसं काहीसं. त्याआधी दहा वर्षं मी बँकांच्या सॉफ्टवेअरची टेस्टिंग केली होती. वडिलांचं दिग्रसला सायकल दुरुस्तीचं दुकान, आई अंगणवाडीत मदतनीस, शाळा मराठी माध्यमाची, नगरपरिषदेची. घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. अमरावतीला इंजिनिअरिंग करून पुण्यात आले तेव्हा इंग्रजी वाचता यायचं, बोलताना मात्र घाम फुटायचा. दहा वर्षांत काम सुधारलं, घाम फारसा कमी झाला नाही. मोठ्या कंपन्यांत मुलाखतीची दुसरी फेरी माझ्यासाठी कधी उघडली नाही.

अभ्यंकर सरांनी माझी मुलाखत मराठीत घेतली. मुलाखत आहे हे मला अर्ध्यावर कळलं, कारण ते चहा करता करता बोलत होते.

"तुम्हाला क्वांटम येतं का?"

"नाही."

"शिकायची तयारी आहे?"

"आहे. पण वेळ लागेल."

"मला चाळीस वर्षं झाली. अजून लागतोय," ते म्हणाले. "साखर किती?"

असा माणूस मला आधी भेटला नव्हता. पुढे जे सांगायचं आहे त्यात माझी बाजू फार चांगली नाही. म्हणून हे आधी सांगून ठेवते, की त्या माणसाचे माझ्यावर उपकार होते आणि ते मी एक दिवसही विसरले नव्हते.

तिसरा माणूस निनाद. वय सव्वीस, कोथरूडचा, डोकं विलक्षण तेज, बोलण्यात मराठी फक्त क्रियापदांपुरती. सुरुवातीला अजून दोघे होते, पण ते लवकरच परदेशी गेले. त्यामुळे माझ्या आठवणीतली कंपनी म्हणजे आम्ही तिघंच.

पहिल्याच आठवड्यात मी माझं अज्ञान लेखी स्वरूपात सादर केलं. बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही तोच व्यवहार शंभर वेळा केलात तर शंभर वेळा तेच उत्तर यायला हवं. एकदा जरी वेगळं आलं तर ती आणीबाणी. इथे मी एक छोटा प्रोग्राम पाच वेळा चालवला आणि पाच उत्तरं आली. मी नियमाप्रमाणे तक्रार नोंदवली, तीव्रता 'अतिगंभीर', आणि खाली लिहिलं : उत्तर दर वेळी बदलते.

निनाद खुर्चीतून पडायच्या बेतात होता. "मॅम, तुम्ही फिजिक्सवर बग टाकलाय. फिक्स कोण करणार?"

सर हसले नाहीत. त्यांनी तो कागद दोनदा वाचला. "बदलणारच," ते म्हणाले. "या यंत्राला एकच प्रश्न चार हजार वेळा विचारायचा आणि कोणतं उत्तर जास्त वेळा आलं ते पाहायचं. पण मग मला सांगा सुनंदाबाई, उत्तर बदलणारच असेल, तर चूक झाली हे तुम्ही कशावरून ओळखणार?"

पुढची सगळी वर्षं मी त्याच प्रश्नाचं उत्तर शोधण्यात घालवली. माझं काम एका वाक्यात सांगायचं तर तेच होतं.

ग्राहक मिळवणं हा वेगळाच अध्याय. आमची अडचण विचित्र होती. इतर कंपन्या मोठं काम शोधतात, आम्ही लहान काम शोधत पुणेभर फिरत होतो, कारण आज उपलब्ध असलेली यंत्रं नाजूक आहेत. जरा मोठा प्रश्न दिला की त्यांच्या उत्तरात खडखडाट, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्याच चुका, इतका मिसळतो की खरं काय ते कळत नाही. कात्रजच्या एका ट्रकमालकाने आमचं सगळं ऐकून विचारलं, "यात माझे अडीचशे ट्रक बसतील का?" निनाद म्हणाला, "सध्या बारा बसतात." मालकाने आम्हाला उसाचा रस पाजून परत पाठवलं. वाघोलीच्या एका महाविद्यालयाला क्वांटम प्रयोगशाळेचं उद्घाटन करायचं होतं. त्यांचे कार्यालयीन अधीक्षक अगदी काळजीने विचारत होते की यंत्र परदेशात आहे, मग नारळ कुठे फोडायचा.

"राउटरसमोर फोडा," सर म्हणाले. "फक्त पाणी उडू देऊ नका."

त्यांनी खरंच राउटरसमोर पाट मांडला होता. हळदकुंकूही वाहिलं होतं.

मग डॉ. सोहोनी भेटल्या. सत्तरीच्या, बारीक, पेठेतच रक्त-लघवी तपासणीची जुनी लॅब चालवणाऱ्या. त्यांची चौदा माणसं रोज पहाटेपासून स्कूटरवरून घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायची. बहुतेक रुग्ण म्हातारे. उपाशीपोटी बसलेला म्हातारा माणूस आठनंतर लॅबला फोन करतो आणि नऊनंतर कोणाचं ऐकत नाही. शिवाय घेतलेलं रक्त ठरलेल्या वेळेत लॅबमध्ये पोहोचायलाच हवं. तेव्हा कोणी कोणत्या घरी, कोणत्या क्रमाने जायचं, हे रोज संध्याकाळी ठरवावं लागे. बाहेरून सोपं दिसणारं हे काम संगणकाला मोठा घाम फोडतं. घरं थोडीशी वाढली की शक्य असलेले क्रम मोजता येत नाहीत इतके होतात. नेमका असा प्रश्न क्वांटम संगणकाला सोडवता यावा, ही आमच्या धंद्याची आशा. आणि घरं गटागटांनी घेतली तर ती आमच्या बारांच्या मर्यादेत बसत होती.

बाईंच्या लॅबमध्ये हे काम बावीस वर्षं शिंदेकाका डोक्यात करत होते. ते नमुने गोळा करणाऱ्यांचे मुकादम. राहायला फुरसुंगीकडे, वर्षभराने निवृत्त होणारे. बाईंना काळजी होती ती त्याचीच.

"शिंदे गेले की त्यांचं डोकं पण जाणार," त्या म्हणाल्या. "ते तुम्हाला काढून घेता येईल का?"

"प्रयत्न करू," सर म्हणाले.

"प्रयत्न माझे कंपाउंडर पण करतात."

मी तीन आठवडे शिंदेकाकांजवळ बसले. त्यांची माहिती कुठल्याही नकाशात नव्हती.

"म्याडम, सहकारनगरला सहाला उठत्यात, कोथरूडला न्हाई. ह्या आपटे आजी हायत ना, पूजा झाल्याबिगर दार उघडत न्हाईत. घंटी वाजली की समजायचं, दहा मिन्टं राहिली."

"आणि हे कुलकर्णी? यांच्यापुढे फुली का आहे?"

"त्यांची शीर गावत न्हाई. तिथं फकस्त सुरेशला धाडायचं. दुसरा गेला की दोन टोचे, आन् मग बाईंना फोन."

हे सगळं मी नियमांत लिहून काढलं, निनादने ते गणितात बसवलं आणि सरांनी ते यंत्राला समजेल अशा रूपात आणलं. यंत्राकडून यायचं ते उत्तर म्हणजे शून्य आणि एक यांची लांबच लांब माळ. तिचा अर्थ लावला की कोण कुठे जाणार हे कळायचं. पण यंत्राच्या खडखडाटामुळे त्या माळेत मोडतोड असायची. एकाच घरी दोघं जायचे, एखाद्या घरी कोणीच नाही. म्हणून निनादने शेवटी एक प्रोग्राम जोडला होता. आलेल्या उत्तरातली चूक शोधायची, सुटलेलं घर जवळच्या माणसाला द्यायचं, दुहेरी घर काढायचं, क्रम जरा हलवून बरा होतो का ते बघायचं. ऑफिसात आम्ही त्याला 'डागडुजी' म्हणायचो. सरांना ती आवडायची नाही. "छप्पर गळतं म्हणून बादली ठेवावी तशी आहे ही," ते म्हणायचे. निनादलाही तिचा अभिमान नव्हता. दोन दुपारींत लिहिलेलं साधं काम होतं ते.

आणि रस्ते उत्तम निघू लागले. चौदा माणसांचं काम तेरांत होऊ लागलं. आठनंतरचे फोन जवळजवळ थांबले.

त्या दिवसांत ऑफिसात जे वातावरण होतं ते मला परत कुठेच मिळालं नाही. सकाळी साडेआठला मी पोहोचायची तेव्हा सर आधीच आलेले असायचे आणि रस्त्यांचे नकाशे छापून भिंतीला लावत असायचे. स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा वास. निनाद हेल्मेट घालूनच आत यायचा आणि तसाच पडद्यासमोर बसायचा. आम्ही तिघं जगातल्या अगदी थोड्या लोकांपैकी आहोत, ज्यांच्या क्वांटम प्रोग्रामवर रोज सकाळी खरी माणसं खऱ्या स्कूटरला किक मारतात, असं सर म्हणायचे. मला ते ऐकताना दिग्रसचं दुकान आठवायचं. वडील चाकाचे आरे ताणून, चाक फिरवून, कान लावून ऐकायचे तसं.

मालवाहतूक करणाऱ्या एका मोठ्या कंपनीपर्यंत ही बातमी गेली. त्यांची माणसं आम्हाला भेटायला येणार असं ठरलं. त्यांनी आम्हाला जोडून घेतलं तर कंपनी जगणार होती, नाहीतर फार दिवस निघणार नव्हते. सरांनी हे आम्हाला सरळच सांगितलं होतं.

त्या भेटीला अकरा दिवस उरले असताना परदेशातलं यंत्र दोन दिवस देखभालीसाठी बंद झालं. ते दोन दिवस शिंदेकाका पुन्हा डोक्यानेच रस्ते काढणार होते. मला डागडुजीची एक लहानशी चाचणी करायची राहिली होती : विचित्र उत्तर आलं तर ती कोसळते का. यंत्र बंद, मग विचित्र उत्तर आणायचं कुठून? बँकेत असताना खरी माहिती नसली की आम्ही खोटी भरायचो. तीच सवय. मी संगणकालाच सांगितलं, नाणेफेक कर. छापा पडला तर शून्य, काटा पडला तर एक. अशी माळ तयार कर आणि यंत्राच्या उत्तराच्या जागी ठेव.

डागडुजी कोसळली नाही. तिने ती निरर्थक माळ घेतली, दुरुस्त केली आणि रस्ते काढून दिले. मी ते सहज पाहिले. रस्ते उत्तम होते. आदल्या दिवशीच्या क्वांटम रस्त्यांइतकेच.

माझीच काहीतरी चूक असणार म्हणून मी पुन्हा केलं. मग शंभर वेळा. मग हजार वेळा, मागच्या पूर्ण महिन्याच्या घरांवर. कधी यंत्र किंचित पुढे, कधी नाणेफेक. फरक नव्हता.

याचा अर्थ बाहेरच्या वाचकाला सांगायला हवा. रस्ते क्वांटम संगणक काढत नव्हता. दोन दुपारींत लिहिलेली डागडुजी काढत होती. यंत्राऐवजी तिला काहीही दिलं असतं, तरी तिने तेच काम केलं असतं. त्या अतिशीत भांड्यातल्या, जगातल्या सर्वांत महागड्या यंत्राचं आमच्या कामातलं योगदान एका नाण्याएवढं होतं.

टेस्टरने अशा वेळी काय करायचं हे मला दहा वर्षं पाठ होतं. त्याच क्षणी उठून सांगायचं. सर पलीकडच्या खोलीत होते. मी उठले, दारापर्यंत गेले. ते भिंतीवरचा नकाशा पुढल्या आठवड्यातल्या पाहुण्यांसाठी सरळ करत होते. मी विचारलं, "सर, चहा घेणार?"

नऊ दिवस मी गप्प बसले.

मनाशी म्हणत होते, अजून तपासायला हवं. तपासत काही नव्हते. सहाव्या दिवशी सरांनी बंगळुरूला त्यांच्या गुरुजींना फोन लावला. गुरुजी नव्वदीचे, सरांना पीएच.डी.ला मार्गदर्शक होते. सरांना वयाच्या साठाव्या वर्षी हा उद्योग करू नकोस असं सांगणारेही तेच. सर उभ्याने बोलत होते, वर्गात उत्तर देणाऱ्या मुलासारखे. "सर, चालतंय. रोज चालतंय. तेरा माणसं त्याच्या रस्त्यांवर जातात." मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते आणि ऐकत होते. तो फोन मला थांबवता आला असता.

नवव्या दिवशी काही कामासाठी लॅबमध्ये गेले. शिंदेकाका टेबल आवरत होते.

"म्याडम, एक विचारू का? त्या मशीनचा फोटू मिळंल का?"

"कशाला काका?"

"घरी दावायला. मंडळी म्हणत्यात, बावीस वर्सं तुमचं डोकं चाललं, आता कुणाचं चालतंय ते तरी बघू." त्यांनी टेबलावरचं फडकं झटकलं. "मला आधी वाटलं व्हतं, येड्यासारखं कायतरी दील. पर बरुबर देतंय. माझ्यापेक्षा बरं देतंय. आता बिनघोर जातो बघा घरी."

मी मोबाइल काढला, यंत्राचा फोटो शोधला, आणि त्यांना पाठवता येईना. बोट त्या बटणावर होतं. "काका, उद्या देते," म्हणाले, आणि चालत ऑफिसात आले. लॅबपासून ऑफिस सात मिनिटांवर. जिना चढून थेट सरांच्या खोलीत गेले, निनाद तिथेच होता, आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फक्त एक सोडून. हे आज कळलं की नऊ दिवसांपूर्वी, ते बोलले नाही. त्यांनीही विचारलं नाही.

सर उठून माझ्या संगणकापाशी आले. मग म्हणाले, "माझ्यासमोर करा."

मी केलं. त्यांनी नाणेफेक वेगळ्या पद्धतीने करायला लावली, आठवडे बदलले, घरं बदलली. दुपार गेली. सहा वाजता त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

निनादने खुर्ची आमच्याकडे वळवली. "सर, हे सगळेच करतात," तो म्हणाला. "आपल्या डागडुजीसारखं पोस्ट-प्रोसेसिंग सगळ्यांकडे असतं. क्लायंटला रिझल्टशी मतलब आहे. परवा मीटिंग होऊ दे ना. नंतर रिपोर्टमध्ये टाकू एक लाइन."

"कितव्या पानावर?" सरांनी विचारलं.

निनादने खुर्ची परत पडद्याकडे फिरवली.

सरांनी फोन उचलला आणि बंगळुरूला लावला. गुरुजींना कमी ऐकू येई, म्हणून स्पीकरवर. "सर, मी तुम्हाला मागे सांगितलं ते चूक होतं," असं म्हणून त्यांनी पाच-सहा वाक्यांत सगळं सांगितलं.

"कोणी शोधलं?"

"आमच्या टेस्टर आहेत. सुनंदा गावंडे."

"त्यांना दे."

मी फोनजवळ गेले. "किती वेळा केलंत?" त्यांनी विचारलं.

"हजार वेळा, सर."

"हजारच? दहा हजार करा. मग मला सांगा." आणि त्यांनी फोन ठेवला.

मी दुसऱ्या दिवशी दहा हजार वेळा केलं आणि त्यांना कळवलं. उत्तर तेच होतं.

डॉ. सोहोनींकडे सर स्वतः गेले, आम्हा दोघांना घेऊन. बाईंनी हातातली काचपट्टी बाजूला ठेवून सगळं ऐकलं.

"म्हणजे माझे रस्ते तुमचं ते यंत्र काढत नाही. हा मुलगा काढतो."

"याने लिहिलेला प्रोग्राम. हो."

"आणि तो यंत्राशिवाय चालेल?"

"चालेल. उद्यापासून तुमच्याच संगणकावर चालेल."

"मग तुम्ही तिघं कोणी गेल्यासारखं तोंड करून का आलायत? माझं रक्त वेळेवर येतंय." त्यांनी निनादकडे पाहिलं. "काय रे, दोन दुपारींत लिहिलंस? तिसरी दुपार दिली असतीस तर बारांत झालं असतं."

निनाद त्या दिवसांत पहिल्यांदा हसला. त्याने खरंच ती तिसरी दुपार दिली, आणि काही आठवड्यांत काम बारांत झालं.

शिंदेकाकांना मी यंत्राचा फोटो दिला नाही. खरं काय ते सांगितलं आणि निनादला त्यांच्यासमोर उभं केलं. त्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "हा?" ते म्हणाले. "ह्याचं लगीन झालंय का?"

पाहुणे ठरल्या दिवशी आले, तिघं होते. सरांनी त्यांना दोन आलेख शेजारी शेजारी दाखवले, एक यंत्राचा, एक नाणेफेकीचा, आणि विचारलं, यातला आमचा कोणता ते ओळखा. ते ओळखू शकले नाहीत. त्यांच्यातल्या ज्येष्ठ बाईंनी अतिशय सभ्यपणे विचारलं, "मग आम्ही नेमकं काय घ्यायचं?"

"आज काही नाही," सर म्हणाले. "यंत्रं सुधारतील. सुधारली की नाही हे कसं ओळखायचं, ते मात्र आता आम्हाला कळतं."

त्यांनी साबुदाण्याची खिचडी खाल्ली, छान झाली आहे असं सांगितलं, आणि गेले. परत फोन आला नाही.

कंपनी त्यानंतर दोन वर्षं चालली. महाविद्यालयांत शिबिरं घेतली, एकदोन परदेशी गटांसाठी चाचण्या केल्या. पण तो जोर गेला होता. निनाद परदेशी शिकायला गेला. आज मी खराडीला एका मोठ्या कंपनीत आहे, याच क्षेत्रात, आणि माझ्या हाताखाली सात जण आहेत. कुठलंही क्वांटम काम आलं की मी पहिल्या दिवशी नाणेफेकीशी तुलना करायला लावते. कधीकधी यंत्र खरोखर पुढे असतं. थोडंसंच, पण असतं. त्या दिवशी मला अजूनही सरांना फोन करावासा वाटतो, आणि मी करते.

जागा सोडायची त्या दिवशी आम्ही दोघंच होतो. सामान फारसं नव्हतं. सर कागद चाळून रद्दीचे वेगळे काढत होते, मी तारा गुंडाळत होते. जाळीच्या खिडकीतून बोळातल्या स्कूटरींचे आवाज येत होते. दोन वर्षं जे पोटात होतं ते त्या दिवशी बोलले नसते तर पुढे कधीच बोलले नसते.

"सर, एक सांगायचं राहिलंय. नाणेफेकीचं मला नऊ दिवस आधी कळलं होतं. तुम्ही गुरुजींना पहिला फोन केलात, तेव्हा मला माहीत होतं."

सरांनी कागद चाळणं थांबवलं नाही.

"मला ते माहीत आहे," ते म्हणाले. "प्रत्येक चाचणीची तारीख आपोआप नोंदली जाते, सुनंदाबाई. ही शिस्त तुम्हीच लावलीत. त्या दुपारी तुमच्यासमोर बसून मी काय वाचत होतो असं तुम्हाला वाटलं?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

त्यांनी हातातला गठ्ठा खाली ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"कोणत्या तोंडाने बोलणार? चाळीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला ही चाचणी सुचली नसेल, असं वाटतं का तुम्हाला? डागडुजी बसवली त्याच आठवड्यात सुचली होती. एका दुपारचं काम. मी ते उद्यावर ढकलत राहिलो. काय उत्तर येईल याचा अंदाज होता, म्हणून." त्यांनी तो गठ्ठा रद्दीकडे सरकवला. "तुम्हाला कळल्यावर सांगायला नऊ दिवस लागले. मी तर कळू नये म्हणून आठ महिने काढले."

मग त्यांनी टेबलाच्या एका टोकाला हात घातला आणि म्हणाले, "धरा त्या बाजूने. जिना अरुंद आहे, सावकाश."

आम्ही दोघांनी ते टेबल सावकाश खाली नेलं.